मी रडले नव्हते

एडिसन
२० जानेवारी २०२५

गिरिजे,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. दुकानाचे मालक शशिकांतभाऊंनी स्वतः आत किचनमध्ये आणून दिलं आणि विचारलं, सुमित्राताई, शॉमबर्गहून कोण लिहितं एवढं? मी म्हटलं, भाची आहे, लग्नाचं चाललंय तिच्या. आता किचनमधल्या चौघी पोळ्या लाटता लाटता रोज तुझ्या लग्नाची चौकशी करतात. ते तू निस्तर.

बक्षिसाच्या शेवटच्या पाचांत आपलं पुस्तक आलं, हे मी तीनदा वाचलं. नवोदित लेखिका असं तू मला लिहिलंयस. बावन्न वर्षांची बाई नवोदित कशी, हे मला कळत नाही. पण पुस्तक पहिलं असलं की ते वय बघत नाहीत म्हणतेस, तर असेल. फ्रेंच लोकांचं त्यांच्यापाशी. न्यूयॉर्कमध्ये बसून ते बक्षीस देतात हे मात्र बरं केलं, नाहीतर मला विमानात बसवलं असतंस.

फोन का करत नाहीस म्हणून रागावू नकोस. कुठून करू? पोरगा सिद्धेश घरूनच काम करतो. कानात काहीतरी घालून बसलेला असतो, पण माझं त्याला सगळं ऐकू जातं. किचनमध्ये फोन कपाटात ठेवायचा नियम आहे. ईमेल त्यानेच काढून दिलाय, तो त्याच्याच फोनवर वाजतो. म्हणून कागद. तूही कागदावरच लिही, आणि दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

आपलं ठरलेलं विसरू नकोस. मनगट धरलं तेव्हा डॉक्टरणीने मला रबराचा चेंडू दिला आणि दिवसातून शंभरदा दाबायला सांगितला. रिकामं बसून चेंडू दाबायची मला लाज वाटली, म्हणून मी वही घेतली. बोटांना व्यायाम म्हणून लिहिलं. चौथी शिकलेली बाई मी. कुणी वाचावं म्हणून लिहिलं नव्हतं. तू दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आलीस, वह्या उचलल्यास, चारही वाचून काढल्यास आणि वर म्हणालीस, मावशी, हे मी फ्रेंचमध्ये करते. मी हो म्हटलं, ते एवढ्याचसाठी की आपल्यातलं कुणी फ्रेंच वाचत नाही. आणि नाव मालिनी निकम घालायला सांगितलं, ते एवढ्याचसाठी की मालिनी निकम कुणालाच माहीत नाही. तुझी आई सोडली तर मला त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळावर अंगठीने सुमित्रा लिहिलं. त्यांच्या मेलेल्या बहिणीचं नाव होतं ते. नवऱ्याचं नाव राजाराम आणि बायकोचं सुमित्रा, म्हणजे रामाला सावत्र आईच आणून दिली. एवढाही विचार कुणी केला नाही.

वह्यांमध्ये सासूबाईंचं काय काय आहे ते तुला माहीत आहे. सिद्धेशचा आजीवर फार जीव होता. त्याला ते वाचायला मिळता कामा नये. बक्षीस मिळो न मिळो, माझी अट तेवढीच.

तुझी मावशी

*

शॉमबर्ग
२७ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

माझ्या लग्नाची बातमी आईपर्यंत पोहोचायच्या आत ती मागे घे, प्लीज.

आता मुद्द्याचं. बक्षीस समितीकडून पत्र आलंय. फार सभ्य भाषेत आहे, पण अर्थ सभ्य नाही. त्यांनी मालिनी निकमला शोधलं. पुस्तकात लिहिलंय की लेखिका न्यू जर्सीत पोळ्या लाटते. न्यू जर्सीत या नावाची बाई त्यांना कुठेच सापडली नाही. फोटो नाही, पत्ता माझा, प्रकाशकाशी सगळा पत्रव्यवहार माझा, आणि फ्रेंच माझं. त्यामुळे त्यांना वाटतंय की मालिनी निकम नावाचं कुणी नाहीच. पुस्तक मीच लिहिलं, आणि ते खपावं म्हणून एक कमी शिकलेली, कष्टकरी मावशी बनवली. असे प्रकार पूर्वी झालेत म्हणे.

त्यांना दोन गोष्टी हव्यात. एक, अशी बाई आहे याचा कागद. दोन, त्या बाईने स्वतः ६ मार्चला न्यूयॉर्कमध्ये समितीसमोर यायचं. त्या खोलीत मी नसणार. दुभाषा त्यांचा असेल.

तुझ्या सगळ्या कागदांवर सुमित्रा राजाराम शेडगे आहे, हे मला आता आठवतंय. नाव बदलल्याचा काही कागद आहे का तुझ्याकडे? काकांनी इकडे यायच्या वेळी काही केलं होतं का?

मावशी, तुला नको असेल तर मी समजू शकते. पण लवकर कळव.

तुझी गिरिजा

*

एडिसन
२ फेब्रुवारी २०२५

गिरिजे,

म्हणजे मी नाही. बरं झालं सांगितलंस. काल दिवसभरात चारशे पोळ्या कुणी लाटल्या, ते आता शशिकांतभाऊंना विचारते.

मला हसूही आलं आणि रागही आला. सतराव्या वर्षी मालिनीला पुसून सुमित्रा केली, तेव्हा मालिनी कुठे गेली म्हणून कुणी विचारलं नाही. आता पस्तीस वर्षांनी फ्रेंच लोक विचारायला निघाले.

कागद आहे. मोठ्या दिरांनी आमचे अर्ज भरले, तेव्हा माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं. वकिलाने हैराण केलं होतं. मग तुझ्या काकांनी कोरेगावला जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, की मालिनी दत्तात्रय निकम आणि सुमित्रा राजाराम शेडगे ही एकच बाई आहे. त्यावर शिक्का आहे, माझा फोटो आहे, अंगठा आहे. मला सही येते म्हटलं तरी अंगठाच घेतला त्या कारकुनाने.

पण तो कागद निळ्या फायलीत आहे, आणि ती फाइल तुझे काका गेल्यापासून सिद्धेशच्या कपाटात, कुलपात आहे. मागितली की तो विचारणार कशाला. कशाला ते सांगितलं की पुस्तक सांगावं लागणार. पुस्तक सांगितलं की वह्या मागणार.

मी नाही मागणार. तू त्यांना कळव की नाव मागे घेतलं. नाहीतर असं कर, पुस्तक मीच लिहिलं म्हणून सांग. तुझं शिक्षण आहे, तुला ते शोभेल. मला त्या बक्षिसाचं काय करायचंय? माझं मनगट बरं झालं, तेवढं पुरे.

तुझी मावशी

*

शॉमबर्ग
८ फेब्रुवारी २०२५

मावशी,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदाच तुझ्यावर चिडले, ते तुला सांगायलाच हवं.

मी लिहिलं म्हणून सांग, म्हणतेस. मी नाही लिहिलं. मला तसं लिहिता येत नाही. मी सहा वर्षं विद्यापीठात बसून पुस्तकं वाचतेय आणि तुझ्या एका पानासारखं पान माझ्या हातून उतरलेलं नाही. आता नाव मागे घेतलं तर काय होईल, तेही ऐक. ते म्हणतील, आम्हाला वाटलंच होतं. कायमचं ठरून जाईल की ती बाई खोटी होती. माझं नाव खराब होईल, त्याचं मी बघून घेईन. पण तुझ्या चार वह्या उद्यापासून माझ्या कल्पनेतल्या होतील. तू नव्हतीसच, असं छापून येईल.

एकदा तांदळावर झालं ते झालं. तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस, तुला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारतायत. या वेळी तू स्वतःच्या हाताने पुसणार असशील तर मला तसं स्पष्ट लिही. मी त्यांना कळवते.

तोपर्यंत मी काही कळवत नाही.

गिरिजा

*

एडिसन
१७ फेब्रुवारी २०२५

गिरिजे,

एवढं टोचून लिहायला तुला कुणी शिकवलं? तुझी आई तर गरीब आहे.

सांगितलं त्याला. गेल्या बुधवारी. त्याने भात वाढून घेतला होता आणि मी आमटी वाढता वाढता म्हटलं, सिद्धेश, मी एक पुस्तक लिहिलंय, त्याला बक्षीस मिळू शकतं, पण ती माणसं म्हणतात मी नाहीच, म्हणून निळी फाइल पाहिजे. त्याला वाटलं माझा मेंदू फिरला. मग सगळं नीट सांगावं लागलं. पोरगा हुशार आहे. पुस्तकात काय आहे, हे त्याने विचारलं नाही. विचारलं, एवढे दिवस माझ्यापासून का लपवलंस?

तेव्हा मी तिसरी वही आणून दिली. पानावर बोट ठेवून दिलं. म्हटलं, हे वाच, मग विचार.

तुला पान माहीत आहे. तरी लिहिते, कारण त्याला दिल्यावर मला ते पुन्हा आठवलं. आमच्या घरी चहा दोनदा व्हायचा. पहिला सासूबाईंचा, नव्या पावडरीचा. मग तोच चोथा पुन्हा उकळून माझा. सोळा वर्षं. त्या दिवशी दुपारी तीनला मी त्यांचा चहा गाळला आणि कप घेऊन बाजेपाशी गेले, तर त्या गेलेल्या होत्या. हात गार. हाक मारली असती तर गल्ली गोळा झाली असती आणि घरात मग चूल पेटली नसती. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि त्यांचा कप प्याले. पूर्ण. सोळा वर्षांत पहिला नव्या पावडरीचा चहा. मग कप विसळला, पातेलं घासलं, पालथं घातलं, आणि मग हाक मारली.

सिद्धेश तेव्हा दहा वर्षांचा, शाळेत होता. त्याला आम्ही सांगितलं होतं की आजी गेली तशी आईने टाहो फोडला.

त्याने वाचलं. वही मिटली. ताट तसंच ठेवून आत गेला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दार लावून मीटिंगा करत होता. मी मनात म्हटलं, गिरिजेने पोरगा घालवला माझा.

तिसऱ्या दिवशी किचनमधून आले तर निळी फाइल टेबलावर. वर प्रतिज्ञापत्र काढून ठेवलेलं. तो गॅसपाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून. म्हणाला, "आजी मला तिच्या कपातला चहा द्यायची. अर्धा. मला वाटायचं, घरात सगळे तोच पितात."

मग तो म्हणाला, "बाकीच्या वह्या कुठेत?"

तिन्ही दिल्या. आता तो जेवताना वाचतो आणि मध्येच विचारतो, हे खरं आहे का? मी म्हणते, खोटं लिहायला मला वेळ कुठे होता?

प्रतिज्ञापत्राची प्रत सोबत आहे. त्यांना कळव, मालिनी निकम येतेय.

तुझी मावशी

*

शॉमबर्ग
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

कागद पोचला, मी त्यांना पाठवला. तो अंगठा बघून त्यांच्या सेक्रेटरीने मला फोन केला आणि विचारलं, हा खरा आहे? मी म्हटलं, तो कारकून खरा होता.

तर तू आहेस, एवढं त्यांनी मान्य केलं. तू लिहिलंयस का, ते ६ तारखेला ठरेल. मी विमानाने येतेय. आत सोडणार नाहीत, बाहेर बसेन. दुभाषा अवधूत नावाचा मुलगा आहे. नागपूरचा, न्यूयॉर्कमध्येच शिकतो. त्याच्याशी मी बोलू नये असं त्यांनी सांगितलंय, म्हणून बोलले नाही.

चारही वह्या आण. आणि मावशी, तुझ्या स्वभावाला धरून एक विनंती. विचारतील तेवढंच सांग. फ्रेंच पुस्तकातलं एखादं वाक्य तुला वेगळं वाटलं तर तिथे वाद काढू नकोस. भाषांतरात थोडंफार इकडे तिकडे होतं. ते आपण नंतर बघू.

तुझी गिरिजा

*

एडिसन
९ मार्च २०२५

गिरिजा,

गुरुवारपासून तुझे एकवीस फोन येऊन गेले. सिद्धेशने मोजले. मी उचलले नाहीत. तुझ्याशी बोलले असते तर तोंडाला येईल ते बोलले असते. लिहिताना निदान हात दुखतो आणि माणूस थांबतो.

त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा तू बाकावरून उठलीस. मी तुझ्यासमोरून गेले आणि सिद्धेशला म्हटलं, गाडी पकडायची, चल. तुझा चेहरा मी पाहिला. तरीही गेले. का, ते आता वाच.

लांब टेबल होतं. तिघं जण. एक पांढऱ्या केसांची बाई, एक चष्मेवाला, आणि एक तरुण पोरगी. ती पोरगी माझ्याकडे बघून सारखी हसत होती, आजारी माणसाकडे बघून हसतात तशी. अवधूत माझ्या शेजारी. चांगला मुलगा आहे, मला पहिल्या वाक्यालाच मावशी म्हणाला. त्यांनी विचारलं, कधी लिहिलं, कुठे बसून लिहिलं, कशासाठी लिहिलं. मी मनगटाचं सांगितलं. चष्मेवाल्याने वह्या उलटसुलट करून पाहिल्या. पण त्याला काय कळणार? तुझ्याकडून घेऊन मी नुसतं उतरवूनही काढलं असेल, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. अवधूत म्हणाला, मावशी, ते विचारतायत की भाचीने तुम्हाला सांगून लिहून घेतलं का. मी म्हटलं, माझी भाची मला काही सांगू शकत असती तर तिचं लग्न झालं असतं. ते त्याने भाषांतर केलं की नाही देव जाणे, पण पांढऱ्या केसांची बाई हसली.

मग त्या बाईने पुस्तक उघडलं. म्हणाली, मला एका जागेबद्दल विचारायचंय. फ्रेंचमध्ये वाचून दाखवलं. कुणी चांगलं गात असलं की वाटतं तसं वाटलं. मग अवधूतने मराठीत सांगितलं. सासूबाई गेल्या, सून कप घेऊन खाली बसली, इथपर्यंत बरोबर. पुढे तो म्हणाला, "आणि तिच्या डोळ्यांतला एक थेंब त्या चहात पडला, आणि तिला कळलं की आपण या बाईला क्षमा केली आहे."

मी म्हटलं, पुन्हा सांग.

त्याने पुन्हा तेच सांगितलं.

गिरिजा, मला तेव्हा कुठे बसलेय, कशाला आलेय, काही सुचलं नाही. मी म्हटलं, "कसला थेंब? मी रडले नव्हते. हे मी लिहिलेलंच नाही." तो घाबरला. म्हणाला, मावशी, पुस्तकात तसंच आहे. मी त्याच्या हातात तिसरी वही दिली, पान काढून दिलं आणि म्हटलं, मोठ्याने वाच. कुठे आहे थेंब, दाखव. वाच त्यांना, त्यांच्या भाषेत, आत्ताच्या आत्ता.

त्याने वाचलं. ओळ न ओळ. मी पुढे बोलतच होते. सांगितलं की क्षमा बिमा काही नाही. ती बाई वाईट नव्हती आणि मी चांगली नव्हते. तिच्या सासूने तिला चोथ्याचा पाजला, म्हणून तिने मला पाजला. मला भूक लागली होती, मी प्याले. तो चहा गोड लागला, आणि गोड लागला म्हणून मला आजवर रात्रंदिवस काही टोचलेलं नाही. टोचलं असेल तर एवढंच, की पोराला खोटं सांगितलं. तेही आता फिटलं. त्यात पाणी घालायचा अधिकार माझ्या भाचीला कुणी दिला? ती बाहेर बसलीय, तिला आत बोलवा, मी विचारते तिला. असं मी म्हटलं. टेबलावर हात आपटला बहुतेक, कारण पाण्याचा पेला सांडला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पांढऱ्या केसांच्या बाईने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, धन्यवाद, आम्हाला एवढंच हवं होतं. संपलं.

म्हणजे बक्षीस गेलं. मी घालवलं, मला माहीत आहे. भाषांतर खोटं आहे, हे मीच त्यांना तोंडावर सांगून आले. त्याचं मला वाईट वाटत नाही. तू मला लिहिलं होतंस की मी नव्हते असं छापून येऊ देऊ नकोस. आणि स्वतः काय छापलंस? बरी, सोशिक, डोळ्यांत पाणी आणणारी दुसरीच कुणीतरी बाई. तिचं नाव तांदळात लिहायचं राहिलं तेवढं.

मावशी

*

शॉमबर्ग
१४ मार्च २०२५

मावशी,

तू म्हणतेस ते खरं आहे. थेंब मी घातला. प्रकाशकाने एकदा म्हटलं की वाचकांना ही सून थोडी कोरडी वाटेल. मला भीती वाटली की पुस्तक परत येईल. एकच वाक्य आहे, म्हणून घातलं. तुला विचारलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला माहीत होतं. वर तुलाच लिहिलं की वाद काढू नकोस. मी चुकले. याला दुसरा शब्द नाही.

आता पुढचं. हे मी फोनवर सांगणार होते, म्हणून एकवीस फोन.

तू निघून गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. पांढऱ्या केसांच्या बाई समितीच्या अध्यक्षा आहेत. त्यांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं की पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा ते पान आलं की त्यांना वाटायचं, इथे कुणीतरी दुसरंच बोलतंय. अख्ख्या पुस्तकात तेवढं एक वाक्य त्यांना खोटं लागत होतं. म्हणून त्यांनी मुद्दाम तेच विचारलं. लेखिका खोटी असती तर त्या थेंबाबद्दल छान काहीतरी बोलली असती, असं त्या म्हणाल्या. स्वतःच्या पुस्तकातलं सगळ्यात हळवं वाक्य ऐकून टेबलावर हात आपटते, ती बाई ते पुस्तक लिहिणारीच असते. चष्मेवाल्यांचा आधीपासून विरोध होता. अवधूत वही वाचत असताना तो संपला.

काल निकाल लागला. पाचही पुस्तकांत पहिलं तुझं. एकमताने.

मावशी, तुला बक्षीस मिळालंय.

समारंभ ४ एप्रिलला आहे. वह्यांमधलं ते पान मराठीत तू वाचायचं, फ्रेंचमध्ये कुणी वाचायचं ते तू ठरव. आणि त्यांनी विचारलंय, नाव कोणतं पुकारायचं. प्रतिज्ञापत्रावर दोन आहेत.

गिरिजा

*

एडिसन
१९ मार्च २०२५

गिरिजे,

पाकीट मी किचनमध्येच फोडलं. वाचलं आणि पोळपाटावर ठेवलं, पिठातच. चौघींनी विचारलं, लग्न ठरलं का? मी म्हटलं, ठरलं नाही, मला बक्षीस मिळालं, मी पुस्तक लिहिलंय, फ्रेंच लोक देतायत. चौघींनी लाटणी खाली ठेवली. मग एक जण म्हणाली, सुमित्राताई, आमच्याबद्दल काय लिहिलंत? मी म्हटलं, अजून काही नाही, नीट वागा. शशिकांतभाऊंनी दुकानभर पेढे वाटले, ते स्वतःच्या दुकानातले. शिळे नव्हते, मी खाऊन पाहिला.

सिद्धेशने चौथी वही संपवली. त्याने एक नवा सूट आणलाय आणि मला म्हणतो, आई, तिथे मी तुझी ओळख करून देणार. मी म्हटलं, मी स्वतः करून देईन, तू फोटो काढ.

तुझ्याबद्दल. राग आहे अजून, पण कमी होतोय. पुढच्या छपाईत थेंब काढायचा, हे प्रकाशकाला माझ्या नावाने लिही. त्याला कोरडी वाटते तर त्याने पाणी पिऊन वाचावं. फ्रेंच तूच वाचायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी ते देणार नाही. आणि भाषांतर गिरिजा, हे पुस्तकावर माझ्या नावाखाली चांगल्या मोठ्या अक्षरात येऊ दे. माझ्याशी भांडण काढायला घाबरणार नाही, अशी एवढी एकच पोरगी आहे आपल्या घरात. या वेळी मला न सांगता भांडलीस, ते चुकलं. पुढच्या वेळी तोंडावर भांड.

अवधूतचा फोन आला होता. तो म्हणाला, मावशी, हे बक्षीस पहिल्याच पुस्तकाला असतं, पुढच्याला मिळणार नाही. मी म्हटलं, नको, पुढच्या वेळी मोठं द्या.

नावाचं विचारतायत ना? मालिनी दत्तात्रय निकम. पूर्ण पुकारायचं, माझ्या बापाच्या नावासकट, आणि मी उठून उभी राहीपर्यंत थांबायचं. त्यांची जीभ वळत नसेल तर अवधूतकडून पंधरा दिवस घोटून घ्या म्हणावं. मी पस्तीस वर्षं परक्या नावाला ओ दिली. त्यांना एवढं जमायला हरकत नाही.

तुझी मावशी